मावशींना घंटी चालत नाही

तिने घंटी वाजवली, ती नियमाप्रमाणेच वाजवली.

समोर धुकं होतं, धुक्यात बारीक पाऊस होता आणि पावसात एका घोडीची पाठमोरी आकृती होती. तपकिरी, ओली, भिंतीएवढी. वाटेच्या कडेला फलक होता : 'घोडा दिसल्यास घंटी वाजवा.' घोडा दिसत होता. तिने सायकलची घंटी वाजवली. चांगली खणखणीत.

पुढचं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. मघाशी जिथे शेपूट होतं तिथे एकदम दोन डोळे आले. मग नाकपुड्या आल्या. मग एक खूर आला, तोही हवेत. आणि ती सायकलसकट बाजूच्या झुडपात गेली.

झुडपात गेल्या गेल्या तिने पहिलं काम केलं ते डोळे मिटून घेण्याचं. घोड्यांची तिला लहानपणापासून भीती. घोडा हा प्राणी तिला चित्रातच बरा वाटे, आणि चित्रातही तो दुसरीकडे बघत असला तर.

"आहात का?" वरून आवाज आला.

"आहे..."

"मग हात द्या. काटे आहेत तिथे."

हात आला. खरखरीत, गरम, पावसाने ओला. ती उभी राहिली. समोर एक उंच, सडपातळ माणूस होता. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तिचा हात. लगाम सोडायची त्याला भीती वाटत असणार. तिचा हात का सोडत नव्हता, ते कळायला मार्ग नव्हता.

"लागलं कुठे?"

"नाही. तुमच्या... घोड्याला?"

"घोडी आहे. लागलं नाही, पण मनाला फार लावून घेतलंय तिने. मावशी, शांत! माणूसच आहे. झुडपातून निघालंय, पण माणूस आहे."

"मावशी?"

"वय झालंय. सगळीकडे नाक खुपसते आणि कशाचाही धसका घेते. दुसरं काय नाव ठेवणार?" त्याने घोडीच्या मानेवर थोपटलं. "पण तुम्ही मागून घंटी का वाजवलीत?"

"तसा नियम आहे. फलक आहे तिथे."

"पाहिलाय तो. ज्या शहाण्याने लिहिलाय ना, तो झोपलेला असताना त्याच्या कानाशी जाऊन एकदा पितळी ताट आपटायला हवं."

"शहाण्याने नाही," केसांतला काटा काढत ती म्हणाली. "शहाणीने."

पाऊस पडत होता म्हणून बरं. नाहीतर तिथे जी शांतता झाली ती फारच ऐकू आली असती.

"अक्षर मात्र..." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्षर मात्र सुरेख आहे हं."

तिला घाबरण्याचा पगार मिळत असे.

कागदोपत्री तिचा हुद्दा नगरकचेरीतल्या नियोजकाचा होता, आणि लोक तिला 'वाटेच्या मॅडम' म्हणत. गावाबाहेरून पूर्वी मालगाडी जायची. ती बंद पडली, रूळ उचलले, आणि उरलेली लांबलचक सपाट पट्टी सगळ्यांना फिरायला खुली करायची असं ठरलं. 'सगळ्यांना' हा शब्द ठरावात लिहायला फार सोपा. प्रत्यक्षात सगळे म्हणजे डॉक्टरने सांगितलं म्हणून चालणारे, डॉक्टरने नको सांगितलं तरी धावणारे, चाकाच्या खुर्चीतले, बाळगाडीवाले, कुत्रेवाले, सायकलवाले आणि घोडे. ही मंडळी एकाच वाटेवर सोडायची आणि कुणी कुणाच्या अंगावर जाणार नाही हे बघायचं, हे तिचं काम.

त्यासाठी सगळ्यांच्या आधी घाबरावं लागे. इतरांना वळणावर झाडं दिसत. तिला तिथे पडलेला माणूस दिसे. पावसानंतर इतरांना मातीचा वास येई, तिला निसरडी खडी दिसे. मग ती झुडपं छाटून घेई, उताराला चर काढून घेई, आणि पडलेला माणूस तिथून उठून पुढच्या वळणावर जाऊन पडे.

वाट कुणी कुणाला द्यायची याचाही नियम होता. सायकलवाल्याने सगळ्यांना द्यायची. चालणाऱ्याने घोड्याला द्यायची. घोड्याने कुणालाच द्यायची नाही. म्हणजे कुठल्याही कचेरीत असतं तसंच. जो आकाराने सगळ्यात मोठा आणि मनाने सगळ्यात भित्रा, त्याच्यासाठी बाकीच्यांनी बाजूला व्हायचं.

पण घोडे वाटेवर राहणार की नाही, हेच अजून ठरायचं होतं. एक हंगाम बघायचं आणि मग तिने शिफारस करायची, असं साहेबांनी सांगितलं होतं. साहेब स्वतः निर्णय घेत नसत. एकदा घेतला होता, त्याची धास्ती त्यांना अजून होती. सायकलवाल्यांच्या मंडळाला घोडे नकोच होते, आणि त्या मंडळाचा अध्यक्ष होता तिचा सख्खा मोठा भाऊ.

आणि घोडा होता एकच. मावशी.

मावशींच्या मालकाला गाव 'घोडेमास्तर' म्हणे. तो मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचा. त्याचा तबेला वाटेच्या या टोकाला आणि शिकवायचं मैदान त्या टोकाला. मधे वाट. वाट सोडली तर दुसरा मार्ग म्हणजे वरचा मोठा रस्ता, आणि त्यावर ट्रक. घोडे बंद झाले असते तर मास्तर मावशींना घेऊन बहिणीच्या गावी निघून जाणार होता. तिथे मैदानात तबेला होता. म्हणजे मावशींची सोय होती.

तिची सोय कुठेच नव्हती. पण हे तिला अजून माहीत नव्हतं.

घंटीचा फलक दुसऱ्याच दिवशी उतरला.

"मग काय लिहू?" तिने विचारलं. ती वाटेच्या एका कडेला आणि मास्तर मावशींसह दुसऱ्या कडेला, अशी मुलाखत चालली होती. मधे सुरक्षित अंतर होतं. ते तिने ठरवलेलं होतं.

"लिहा, 'बोला.'"

"कोणाशी?"

"तिच्याशीच. मागून येताना लांबूनच बोलायला लागायचं. हल्ला करणारं जनावर गुपचूप येतं, बडबड करत येत नाही. बडबड आली की तिला कळतं, माणूस आहे, काही करण्यातला नाही."

"आणि बोलायचं काय?"

"काहीही. 'काय मावशी, बरं आहे ना, आज ऊन कमी आहे...' तुम्ही बोलून बघा ना."

तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. 

"मला... सुचत नाही."

"एवढे फलक लिहिता आणि सुचत नाही?"

"फलक उलटून बघत नाहीत."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसे आणि दुसरा त्याची परवानगी घेऊन मागून येई. हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं हे लक्षात आल्यावर तिला मावशींपेक्षा वेगळ्याच कशाची तरी भीती वाटली.

"पाठ असलेलं काहीतरी म्हणा," तो म्हणाला.

पाठ काय होतं? तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली, "सदर वाटेवर कुत्रे दोरीने बांधलेले असावेत. दोरी आखूड असावी. वळणावर सायकलस्वारांनी वेग कमी करावा. वाटेत घोळका करून उभे राहू नये..."

डोळे उघडले तेव्हा मावशींनी दोन्ही कान पुढे केले होते. तिचे नियम इतकं मन लावून आजवर कुणी ऐकले नव्हते.

"आवडले तिला," मास्तर म्हणाला. "मलाही. विशेषतः ते घोळक्याचं."

मग ती वाटेची पाहणी वारंवार करू लागली. पाहणी आवश्यकच होती. मास्तर मावशींना मैदानावर नेण्याच्या वेळीच ती का आवश्यक होती, असं कचेरीत कुणी विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही याचीही तिला भीती वाटली.

ती एका कडेने चाले, तो दुसऱ्या कडेने, मधे मावशी. सुरक्षित अंतर हळूहळू कमी होत होतं. एकदा तिच्या ओढणीला झुडपाची फांदी अडकली, ती त्याने सोडवली आणि फांदीला म्हणाला, "घोळका करू नये." एकदा पाऊस आला, तेव्हा तिने छत्री उघडली आणि मावशी चार पावलं आडव्या पळाल्या. तिने छत्री घाईने मिटली. मग तिघंही भिजत चालली.

"छत्रीही चालत नाही का त्यांना?"

"छत्री, पिशवी, पतंग, डबकं, स्वतःची सावली... यादी मोठी आहे."

"माझ्यासारखीच आहे की."

"तेच म्हणतोय मी कधीपासून," तो म्हणाला. "मला सवय आहे."

या वाक्याचा तिने घरी जाईपर्यंत विचार केला. त्या दिवशी वळणावर कुणी पडलेलं तिला दिसलं नाही. झाडं मात्र होती. चांगली उंच, गर्द झाडं. ही केव्हा लावली, असं तिला विचारावंसं वाटलं.

आणि मग बोगदा मधे आला.

मोठा रस्ता जिथे वाट ओलांडून जाई, तिथे खाली जुना बोगदा होता. मालगाडीसाठी बांधलेला. मालगाडी एकटीच यायची, समोरून कोणी येईल ही चिंता तिला नव्हती. त्यामुळे आत दोघांना जेमतेम जागा. वरून थेंब गळायचे, भिंतींना ओल, आणि वरून ट्रक गेला की सगळा बोगदा घसा खाकरल्यासारखा घुमायचा. मधोमध तर आपलाच हात आपल्याला दिसत नसे. एरवी मास्तर मावशींना तिथून घाईघाईने दामटत नेई. ती तेव्हा बाहेर थांबून काहीतरी मोजत असल्याचं दाखवी.

त्या संध्याकाळी दादा घरी आला तो लंगडत. पँट गुडघ्यावर फाटलेली.

"पोटाखालून गेलो मी!" तो दारातूनच ओरडला. "त्या घोडीच्या पोटाखालून! बोगद्याच्या तोंडाशी! ती उभी राहिली दोन पायांवर आणि मी सायकलसकट खालून आरपार!"

"आधी हातपाय धू," आई म्हणाली.

"अगं आई, मेलो असतो!"

"मेला नाहीस ना? मग धू."

ती खुर्चीवरून उठली होती.  "मावशी कशा आहेत?" तिने विचारलं.

दादाचा हात गुडघ्यावरच राहिला.

"मावशी?" दादा म्हणाला. "अगं, मी तुझा भाऊ आहे! गुडघा बघ माझा!"

"वेग कमी केला होतास का?"

"बोगद्याआधी उतार आहे."

"मी वेगाचं विचारलं."

"उतारावर वेग येतो गं आपोआप. तो काय मी आणतो?" दादा खुर्चीत बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चिडू नकोस. पण खरं सांगतो, आज माझ्या जागी एखादं पोर असतं तर? तूच सांग. तू तर हे सगळं आधी बघतेस ना?"

हेच तर झालं होतं. तिने ते आधी पाहिलं नव्हतं. रोज त्या बोगद्यावरून तिची नजर जात होती आणि नजरेत येत होता तो एक गाल, दुसऱ्याची परवानगी न घेता हसणारा.

आई तिच्याकडे बघत होती. "त्यांच्या घरी कोण कोण असतं गं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तो आणि मावशी," ती म्हणाली, आणि खोलीत निघून गेली.

त्यानंतर ती पाहणीला गेलीच नाही. मास्तरच कचेरीत आला. बाहीवर गवताची काडी, हातात टोपी, आणि चेहरा फी भरायला उशीर झालेल्या मुलासारखा.

"मावशी विचारत होत्या," तो म्हणाला.

"काय?"

"नियमवाल्या बाई कुठे गेल्या म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी..." त्याने टोपी एकदा फिरवली. "मी नाही विचारलं. मला भीती होती, तुम्ही सांगाल म्हणून."

तिने सांगितलं. टेबलावरच्या नकाशाकडे बघत सांगितलं. बोगद्यात घोडा आणि सायकल समोरासमोर आली तर कुणीतरी मरणार आहे. आज नाही तर उद्या. त्यामुळे बोगदा घोड्यांना बंद अशी शिफारस तिला करावी लागेल.

"म्हणजे वाटच बंद."

"हो."

"म्हणजे आम्ही..." तो थांबला. तीही थांबली. पंखा मात्र आपलं काम करत राहिला.

"एक मार्ग आहे," ती म्हणाली. "बोगद्यात स्वारी नाही. खाली उतरून, लगाम धरून, सावकाश चालत न्यायचं. सायकलवाल्यांनीही उतरायचं. पण मावशी तशा शांतपणे जातात, हे मला बघावं लागेल. वरून ट्रक जात असताना. एकदा जरी उधळल्या तरी मी नाही म्हणणार. तुमच्यासाठीसुद्धा मी हो म्हणणार नाही, मास्तर."

"'तुमच्यासाठीसुद्धा' म्हणजे?" त्याने विचारलं.

तिने नकाशाची घडी घातली. ती घडी चुकली.

चाचणी दुपारी ठरली. बोगद्याच्या त्या टोकाला सायकली अडवायला दादा उभा होता, गुडघ्याला पट्टी बांधून. या टोकाला फिरायला येणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रमुख काकू. काकू नुसत्या आवाजाने गर्दी थांबवू शकत, त्यांना झेंडा द्यावा लागला नाही.

मास्तर लगाम धरून बोगद्याच्या तोंडाशी गेला. मावशी आल्या. एक पाऊल आत. आणि थांबल्या. त्यांच्या पायांत कापरं भरलं. नाकातून फुरफुर. पांढरे डोळे.

"चल गं... चल..." मास्तरचा आवाज विचित्र झाला होता. कपाळावर घाम होता.

तिने मावशींकडे पाहिलं, मग मास्तरकडे, मग दोघांकडे एकदम. घाबरण्यात तिची उभी हयात गेलेली. दुसऱ्याची भीती तिला लांबूनही ओळखू येई.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "ती बोगद्याला घाबरत नाहीये ना?"

त्याने लगामाला हाताभोवती आणखी एक वेढा दिला.

"तुम्ही घाबरताय."

"लहानपणी विहिरीत पडलो होतो," तो अगदी पुटपुटला. "अंधार, वरून थेंब... कुणाला सांगितलं नाही कधी. घोडेमास्तर अंधाराला घाबरतो हे मुलांच्या आईबापांना कळलं तर? माझ्या हातातून दोरात उतरतं ते आणि दोरातून तिच्यात. तिचा काही दोष नाही."

वरून ट्रक गेला. बोगदा घुमला. मावशी मागे सरकल्या.

"तुम्ही पुढे चाला," तो एकदम म्हणाला. "बोलत बोलत. मी मागे लगाम सैल धरतो. ती तुमच्या आवाजामागे येईल."

"मी? मी घोड्यांना घाबरते!"

"माहीत आहे. तिलाही माहीत आहे. पण तुम्ही घाबरलात तरी थांबत नाही, बोलत राहता. मी गप्प होतो."

"अहो, आटपा!" मागून काकू ओरडल्या. "माझ्याकडे लोक जमलेत!"

ती मावशींच्या पुढे जाऊन उभी राहिली. पाठ घोड्याकडे! आयुष्यात जे कधी करणार नाही असं तिने ठरवलं होतं, ते नेमकं तेच होतं. मानेवर गरम श्वास आला. ओला. गवताचा वास असलेला. 

"सदर... सदर वाटेवर," ती म्हणाली, "कुत्रे दोरीने बांधलेले असावेत."

मागे एक खूर वाजला. मग दुसरा.

"दोरी आखूड असावी. वळणावर वेग कमी करावा..."

अंधार झाला. थेंब एकेक करून तिच्या डोक्यावर पडत होते. मागे खूर, त्यामागे मास्तरचा अडकत येणारा श्वास. घोळक्याचा नियम झाला. कचऱ्याचा झाला. बाळगाड्यांचा झाला. बोगद्याच्या ऐन मध्यावर, जिथे स्वतःचा हात दिसत नाही, तिथे तिचे नियम संपले.

ती गप्प झाली. खूर थांबले. मावशींची फुरफुर थेट कानाशी आली.

"बोला," मागून मास्तरचा आवाज आला, अगदी बारीक. "काहीही. बोला, प्लीज."

"मावशी," ती म्हणाली.  "नियम संपले. आता जे येईल ते बोलते. तुम्ही मात्र चालत राहा. मला... मला तुमची भीती वाटते. तुमच्या दातांची, खुरांची. पण तुमच्या मास्तरांची त्याहून जास्त वाटते."

खूर वाजला.

"ते बरोबर असले की मला पडलेली माणसं दिसत नाहीत, झाडं दिसतात. इतकी वर्षं या वाटेवर फिरले, झाडं कधी पाहिली नव्हती. आणि माझी नोकरीच भीतीवर चालते हो! ती गेली तर मी काय करू? त्यांच्याकडे बघत हो म्हणाले आणि इथे कुणी चिरडलं गेलं, तर मी जन्मभर झोपणार नाही. आणि नाही म्हणाले, आणि तुम्ही दोघं बहिणीच्या गावी निघून गेलात..."

वरून ट्रक आला. मोठा, जड, लांबच लांब. बोगदा हादरला, भिंती घुमल्या, डोक्यावर पाण्याची अख्खी सर आली. तिने डोळे मिटले, पण पाय थांबवले नाहीत, आणि त्या गडगडाटात ती जिवाच्या आकांताने ओरडली, "...तर एवढी लांब वाट मी कुणासाठी सांभाळू?"

ट्रक गेला. खूर वाजतच होते. सावकाश, एका लयीत.

मग डोळ्यांवर उजेड आला. ती बाहेर आली. मागून मावशी आल्या, कान पुढे, जणू रोजचं दूध आणायला निघाल्या होत्या. त्यांच्यामागून मास्तर, भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा.

समोर दादा उभा होता. तोंड उघडं.

आणि बोगद्याच्या त्या दुसऱ्या टोकाहून, सगळा अंधार पार करून, काकूंचा आवाज स्पष्ट आला, "सगळं ऐकू आलं हो! फक्त शेवटचं पुन्हा सांगा, वरून ट्रक गेला!"

बोगद्यात बोललेलं दोन्ही टोकांना ऐकू जातं, ही नोंद तिनेच पहिल्या पाहणीत केली होती.

तिने मास्तरकडे पाहिलं. त्याने ओठ उघडले... मिटले. 

"चाचणी यशस्वी," ती म्हणाली, आणि सायकलवर बसून निघून गेली. वळणावर वेग कमी न करता.

बैठकीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. वाटेच्या प्रश्नात गावाला इतका रस आहे याचं साहेबांना फार बरं वाटलं. मास्तर शेवटच्या रांगेत टोपी फिरवत बसला होता. मधल्या दिवसांत त्याचा शब्दही आला नव्हता. तिने प्रत्येक सायकलच्या घंटीला दचकून खिडकीबाहेर पाहिलं होतं. घोडेवाला घंटी वाजवत येत नाही, हे ठाऊक असूनही.

ती उभी राहिली. हात थरथरत होते म्हणून तिने टेबल धरलं. टेबल थरथरायला लागलं.

"उतरून चालायचं ठरलं तर बोगदा धोक्याचा नाही, असं माझं मत आहे," ती म्हणाली. "पण ते मत धरू नका. या घोड्याच्या बाबतीत मी निःपक्षपाती राहिलेली नाही. निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा."

"घोड्याच्याच बाबतीत का?" काकूंनी सरळ चेहऱ्याने विचारलं.

हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. "म्हणजे निर्णय... मी घ्यायचा?" त्यांनी विचारलं, आणि त्या सभागृहातला सगळ्यात घाबरलेला माणूस कोण हा प्रश्न निकालात निघाला.

तेवढ्यात दादा उठला. गुडघा चोळत.

"सायकल मंडळाच्या वतीने बोलतो. ही माझी बहीण लहानपणी लाकडी घोड्यालाही घाबरायची. मी त्याच्यावर चादर टाकायचो, तेव्हा ती खोलीत यायची. ती परवा जिवंत घोडीकडे पाठ करून अंधारातून चालली. तर आम्हाला सायकलवरून दोन मिनिटं खाली उतरायला काय झालं? बोगद्यात आम्ही उतरू. घोडेवाल्यानेही उतरावं, आणि पुन्हा चढायला दोन्ही टोकांना ओटा बांधून द्या. उतारावर आम्ही वेग..." त्याने आवंढा गिळला. "कमी आणू."

काकूंनी अनुमोदन दिलं. साहेबांनी 'तूर्तास मंजूर' लिहिलं. 'तूर्तास' हा त्यांचा आवडता शब्द होता. त्यामागे लपायला जागा असते.

ती बाहेर आली तेव्हा पायऱ्यांशी मावशी उभ्या होत्या. लगाम मास्तरच्या हातात.

"आणखी एक चाचणी घ्यायची आहे," तो म्हणाला.

"कसली? मंजूर झालंय."

"या वेळी मी पुढे चालणार. आणि बोलणार."

तिघं बोगद्याकडे निघाली. संध्याकाळचं ऊन वाटेवर आडवं पडलं होतं, आणि तिचं काळीज असं धडधडत होतं की मावशी दोनदा वळून बघून गेल्या. तोंडाशी तो थांबला. कपाळावर पुन्हा घाम. मग त्याने अंधारात पाऊल टाकलं. मागे मावशी, आणि मावशींच्या शेजारून, एका हाताने चक्क त्यांच्या मानेला धरून, ती.

"मावशी," त्याचा आवाज आला. कापरा, पण चालता. "मला अंधाराची भीती वाटते, हे तुम्हाला माहीत आहे. गेले काही दिवस आणखी एक वाटायला लागली. बोगद्याच्या पलीकडे निघावं आणि ती तिथे नसावी, अशी. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, कारण पाय लटपटत होते. नंतर दिलं नाही, कारण ते अजून लटपटत होते. तर तिला विचारा..."

"मावशी," ती मधेच म्हणाली, "त्याला सांगा, तूच विचार म्हणून."

खूर थांबले. थेंब पडला, तिच्या नाकावर. अंधारात एक हात आला, खरखरीत, गरम. या वेळी का सोडत नाही ते कळायला मार्ग होता.

"चालशील माझ्याबरोबर?" तो म्हणाला. "रोज? जन्मभर?"

"चालेन," ती म्हणाली. "पण सावकाश. आणि डाव्या बाजूने."

मावशी जोरात शिंकल्या. आणि बोगद्याच्या टोकाकडून टाळ्यांचा आवाज आला. आधी एकटीचा, काकूंचा. मग बऱ्याच जणांचा.

नवे फलक आठवड्याभरात लागले. अक्षर सुरेख होतं. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी लिहिलं होतं : 'खाली उतरा. चालत जा. बोलत राहा.'

आणि त्याखाली बारीक अक्षरांत : 'आत बोललेले बाहेर ऐकू येते, याची नोंद घ्यावी.'